जुन्या दुनळी बंदुकीची खरेदीपूर्व तपासणी

शेजारी शेजारी दोन नळ्या असलेली व मध्ये मोडून काडतूस भरण्याची जुनी छर्ऱ्याची बंदूक विकत घेण्यापूर्वी तिची सुरक्षितता, अस्सलपणा आणि उरलेले आयुष्य जोखण्यासाठी केलेली पाहणी. अशा बंदुकीचे खरे मोल नळ्यांत असते. दस्ता नवा बसवता येतो, स्प्रिंग बदलता येते; झिजून पातळ झालेल्या नळीत पोलाद मात्र परत भरता येत नाही. त्यामुळे नक्षीकाम व झिलई पाहून केलेला सौदा बहुधा महागात पडतो.

बंदूक हाती येताच ती उघडून रिकामी असल्याची खात्री केली जाते. त्यानंतर नळ्या सुट्या करून त्यांच्या मागील टोकाच्या खालच्या सपाट भागावरील प्रूफचे ठसे वाचतात. जास्त दाबाचे काडतूस उडवून नळीची ताकद तपासल्यावर हे ठसे मारले जातात. असे ठसे मारणाऱ्या लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस (तपासणी केंद्र) 1813 च्या कायद्याने स्थापन झाले. नळी केवळ काळ्या दारूसाठी तपासली आहे की धूररहित दारूसाठीही, हे ठशांवरून कळते. तथापि ठसा चाचणीच्या दिवशीची अवस्था सांगतो, आजची नव्हे. नंतर आतून घासून खड्डे काढलेली नळी आरशासारखी चकाकते आणि नेमकी म्हणूनच संशयास्पद ठरते. याकरिता आतला व्यास मापून ठशातील आकड्याशी ताडतात आणि भिंतीची जाडी वेगळ्या मापकाने सर्व बाजूंनी घेतात, 0.020 इंचापेक्षा (सुमारे 0.5 मिमी) पातळ भिंत अनेक जाणकार नाकारतात.

चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या मागच्या भागाची, लांबी मापणे तितकेच आवश्यक असते. जुन्या ब्रिटिश 12 बोअर (नळीच्या व्यासाचे एक माप) बंदुकांचे चेंबर बहुधा अडीच इंची (65 मिमी) असते. काडतुसाची लांबी त्याचे तोंड उलगडल्यानंतरची धरलेली असल्यामुळे पावणेतीन इंची (70 मिमी) काडतूसही त्यात विनासायास बसते. पण उडताना उलगडलेले तोंड वाट अरुंद करते व दाब वाढू शकतो.

नळी उजेडाकडे धरून हळूहळू फिरवली असता आतील छायारेषा सरळ दिसावी. ती जिथे मोडते तिथे पोचा किंवा फुगवटा असतो. सुट्या नळ्या टांगून लाकडाने हलकेच ठोकल्यास घंटेसारखा नाद उमटावा. आवाज बद्द आला तर नळ्यांमधील पट्टीचे डाखकाम सुटले असण्याचा संभव असतो. पुढची टोके एकमेकांना भिडलेली नसून मध्ये मोठी फट असेल, तर नळ्या कापून आखूड केल्याचा, म्हणजेच चोक (नळीच्या तोंडाशी असलेला किंचित अरुंद भाग) गेल्याचा, अंदाज बांधता येतो.

सांध्याची ढिलाई पाहताना नळ्यांखालचा लाकडी भाग काढून ठेवावा लागतो, कारण त्याच्या स्प्रिंगचा ताण ढिलाई झाकतो. तो काढल्यावर बंद बंदुकीच्या नळ्या हलल्या, किंवा नळ्यांच्या मागील टोकापाशी उजेडाची फट दिसली, तर बिजागरी झिजली असे समजतात. दस्त्यावर, विशेषतः तो लोखंडाला मिळतो तिथे, केसाएवढ्या चिरा शोधतात. चाप व सेफ्टी यांची तपासणी डमी काडतुसे भरूनच केली जाते. नळ्या, अ‍ॅक्शन (चाप व बिजागरी असलेला मधला धातूचा भाग) आणि पुढचे लाकूड यांवरील क्रमांक जुळले नाहीत, तर एखादा भाग दुसऱ्या बंदुकीचा असू शकतो.