सुईला सुई : मणिपूर ते कलम २२

सप्टेंबर १९८९ पर्यंत मणिपूरमध्ये सुईने नशा करणाऱ्यांच्या रक्ततपासणीत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात तो निघाला. देशातलं एचआयव्हीचं पहिलं निदान १९८६ साली चेन्नईत, देहविक्रय करणाऱ्या महिलांमध्ये झालं होतं. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष मोठ्या शहरांतल्या वस्त्यांवर आणि हमरस्त्यावरच्या ट्रकचालकांवर होतं. मणिपूरमध्ये विषाणू दुसऱ्याच वाटेने आला आणि कोणी सावध होण्याआधी घराघरात पोचला. आज देशभर सुईने नशा करणाऱ्यांना सरकारी खर्चाने नव्या सुया मिळतात, त्या कार्यक्रमाची सुरुवात समजून घ्यायची तर त्या सहा महिन्यांकडे जावं लागतं.

मणिपूरच का? एक कारण भूगोलाचं. म्यानमार, थायलंड आणि लाओस यांच्या सीमा जिथे भिडतात तो अफूचा पट्टा इथून जवळ. तिथलं हेरॉइन म्यानमारमधून सीमेवरच्या मोरेत यायचं आणि शंभरेक किलोमीटरवरच्या इम्फाळमध्ये उतरायचं. दुसरं कारण मालाच्या जातीचं. मणिपूरमध्ये येणारं हेरॉइन पांढरं, शुद्ध, ‘नंबर फोर’ या नावाने ओळखलं जाणारं. ते पाण्यात सहज विरघळतं. मुंबईत त्याच काळात पसरलेली ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पाण्यात धड विरघळत नाही. ती पन्नीवर ठेवून खालून काडी ओढायची आणि धूर नळीने ओढायचा. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या मुंबईकर व्यसनींची फुप्फुसं खराब झाली, पण सुईतून येणाऱ्या विषाणूपासून बरेच जण वाचले. यात शहाणपण कोणाचंच नव्हतं, फरक पुडीतल्या मालाचा होता. नव्वदच्या दशकात मुंबईतही गोळ्या-इंजेक्शनांची मिश्रणं टोचायला सुरुवात झाली आणि ते संरक्षण गेलं.

मणिपूरमध्ये सिरिंजही धड नसायची. शाईचं पेन भरायचा ड्रॉपर घ्यायचा, त्याच्या टोकाला सुई बसवायची, रबरी फुगा दाबून औषध शिरेत ढकलायचं. सुई शिरेत लागली की नाही हे पाहायला आधी थोडं रक्त आत ओढलं जातं. ते रक्त ड्रॉपरच्या काचेला आणि रबराच्या आत चिकटून राहतं, साध्या पाण्याने विसळलं तरी पुरतं निघत नाही. मग तोच ड्रॉपर पुढच्याच्या हातात. चार-पाच मित्र, एक ड्रॉपर, एक सुई. सहा महिन्यांत निम्म्यांपर्यंत विषाणू कसा पोचला, याचं उत्तर या साध्या साधनात आहे.

सुई बाजारात मिळत नव्हती असं नाही, ती जवळ बाळगायची भीती होती. १९८५ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आला, १९८९ मध्ये तो आणखी कडक झाला. खिशात सिरिंज सापडणं म्हणजे पोलिसांच्या हाती आयता पुरावा. औषधाच्या दुकानात ओळखीचा चेहरा असला तर सुई द्यायला नकार. घरच्यांचा मार वेगळा. त्यात मणिपूरचं विशेष म्हणजे काही सशस्त्र भूमिगत गट व्यसनींना ‘सुधारण्यासाठी’ त्यांच्या पायांत गोळ्या घालत. अशा ठिकाणी माणूस नशा सोडत नाही, लपून करतो. आणि लपून करताना साधन एकच असतं.

हा धडा खरं तर आधीच जगापुढे होता. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांनी सिरिंजवर कडक नजर ठेवली आणि विक्री आटली. पुढे रक्त तपासलं तेव्हा तिथल्या एका दवाखान्यात येणाऱ्या सुईवाल्यांपैकी निम्मे बाधित निघाले. तिथून तासाभराच्या अंतरावरच्या ग्लासगोत हेरॉइन काही कमी नव्हतं, पण बाधितांचं प्रमाण त्या मानाने फारच थोडं होतं. ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली सुया बदलून द्यायची पद्धत सुरू झाली, ती एचआयव्हीसाठी नव्हे तर कावीळ ब साठी. पुढाकार घेतला तोही डॉक्टरांनी नाही, व्यसनींच्याच संघटनेने. नगरपालिकेचं आरोग्य खातं मागून आलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण नंतर जगभर हेच घडलं. जे सुई टोचत होते त्यांनाच कोण कुठे बसतं, कोणाकडे सुई नाही, हे ठाऊक होतं.

मणिपूरने आधी अर्धं पाऊल टाकलं. नव्या सुया वाटणं म्हणजे व्यसनाला खतपाणी, असं वाटणाऱ्यांची संख्या मोठी होती; चर्च, महिलांचे मोर्चे, सरकारी अधिकारी, सगळीकडे. म्हणून सुरुवातीला ब्लीचच्या बाटल्या दिल्या गेल्या : वापरलेली सुई ब्लीचने धुवा, मग पाण्याने धुवा. नशेची तलफ लागलेला, पोलिसांच्या भीतीने घाई करणारा माणूस हे किती नेटाने करणार, हा प्रश्न होताच. १९९६ साली मणिपूरने स्वतःचं एड्स धोरण जाहीर केलं. असं धोरण करणारं हे देशातलं पहिलं राज्य, आणि त्यात सुई बदलून देण्याला जागा होती. चुराचांदपूरमध्ये ‘शालोम’ या संस्थेने ते काम प्रत्यक्ष करून दाखवलं. तिथे हेरॉइनबरोबर दुसरी एक आफत होती. प्रॉक्सिव्हॉनच्या वेदनाशामक कॅप्सूल फोडून आतली पूड पाण्यात कालवून टोचली जायची. ती नीट विरघळत नाही, शीर बंद होते, हातापायाला मोठमोठे गळू होतात. संस्थांचे कार्यकर्ते सुया देता देता गळू धुऊन पट्ट्याही बांधत. बऱ्याच जणांचा विश्वास त्या पट्टीने बसला, सुईची पाळी नंतर आली.

तोवर विषाणू नवऱ्यांकडून बायकांकडे गेला होता. मणिपूरमधल्या एका अभ्यासात बाधित नवऱ्यांच्या, स्वतः कधीही सुई न घेतलेल्या बायकांपैकी ४५ टक्के बाधित आढळल्या. ‘व्यसनी मरतोय तर मरू दे’ म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवावा लागला, हे खेदाचं असलं तरी धोरण पुढे सरकायला तो उपयोगी पडला.

महाराष्ट्रात आपली समजूत निराळी घडली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं आणि मराठी माणसाच्या मनात व्यसनावरचा उपाय म्हणजे व्यसनमुक्ती हे पक्कं झालं. ते काम मोठं आहेच. पण जो आज सोडू शकत नाही, किंवा सोडून पुन्हा घसरला, त्याने तोपर्यंत जिवंत कसं राहायचं? मुंबईत १९९५ पासून संकल्प या संस्थेने या माणसांसाठी रस्त्यावर काम सुरू केलं, ज्यांना आपण गर्दुल्ले म्हणून मोकळे होतो त्यांच्यासाठी. हे दोन मार्ग एकमेकांच्या विरोधात आहेत अशी मांडणी अजूनही ऐकू येते. ती मला चुकीची वाटते. सुई बदलायला रोज येणारा माणूसच पुढे उपचाराला यायला तयार होतो, असा या क्षेत्रातल्या लोकांचा अनुभव आहे.

उपचारातला दुसरा भाग म्हणजे हेरॉइनऐवजी तोंडाने घ्यायचं औषध. भारतात मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिन. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ ला सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्यात हे देशपातळीवर आलं. केंद्रावर रोज यायचं, कर्मचारी गोळी बारीक करून जिभेखाली ठेवतो, आणि ती विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवतो, कारण गोळी खिशात गेली तर तीच पाण्यात कालवून टोचली जाऊ शकते. तलफ शमते, हातपाय दुखणं थांबतं, माणूस कामावर जातो. २०१२ च्या सुमारास मेथाडोन या अशाच दुसऱ्या पर्यायी औषधाचाही प्रयोग झाला. त्याच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं केईएम आणि इम्फाळचं रिम्स ही रुग्णालयं होती. रोज हजेरी लावण्याची अट रोजंदारीवाल्याला मात्र जड जाते. २०२० च्या टाळेबंदीत काही दिवसांची गोळी घरी द्यायला परवानगी मिळाली. एरवी ही मागणी फाइलीत पडून होती.

कायदा या सगळ्याच्या मागून चालत आला. एनडीपीएसच्या कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा, आणि मदत करणारा कलम २९ खाली सापडू शकतो. म्हणजे एका सरकारी खात्याच्या पैशाने सुई वाटणारा कार्यकर्ता दुसऱ्या खात्याच्या लेखी संशयित. पोलीस केंद्राबाहेर दबा धरून बसले की त्या दिवशी कोणी फिरकत नाही. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच कायद्यातली सक्तीची फाशी रद्द केली. याचिका इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कची होती. २०१४ च्या दुरुस्तीत व्यसनींच्या ‘व्यवस्थापना’ला जागा मिळाली आणि पर्यायी औषधाला आधार आला. मग २०१७ चा एचआयव्ही कायदा, अमलात आला सप्टेंबर २०१८ मध्ये. त्याचं कलम २२ सांगतं की संसर्गाचा धोका कमी करण्याचा कोणताही उपाय गुन्हा ठरणार नाही, मग दुसरा कायदा काहीही म्हणो. खाली उदाहरणंही दिली आहेत : ‘एक्स’ नावाची व्यक्ती ‘वाय’ला जुन्या सुईच्या बदल्यात नवी सुई देते, तर दोघांनाही दोष नाही. इम्फाळ आणि चुराचांदपूरच्या कार्यकर्त्यांनी जे वीस-बावीस वर्षं धाकात केलं, तेच संसदेने दोन अक्षरांच्या पात्रांकडून करून घेतलं.

आकड्यांकडे पाहताना एक सावधगिरी हवी. मणिपूरमधल्या सुईने नशा करणाऱ्यांत बाधितांचं प्रमाण १९९७-९८ ला सत्तर टक्क्यांच्या वर होतं. पुढच्या पाच-सहा वर्षांत ते पंचवीसच्या आसपास उतरलं. सुयांचं श्रेय त्यात आहेच. पण पहिल्या लाटेत बाधित झालेल्यांपैकी अनेक जण, एचआयव्हीवरची औषधं मिळायच्या आतच, मरण पावले. आणि मेलेला माणूस टक्केवारीत धरला जात नाही. देशपातळीवर २०२१ च्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांपैकी ९.०३ टक्के बाधित होते, २०१७ च्या पाहणीत ६.२६ टक्के. केंद्रं आता पंजाब, मिझोराम, त्रिपुरा अशी पसरली आहेत. सुया वाटूनही कावीळ क थांबलेली नाही. तिचा विषाणू चमचा, कापूस आणि एकाच भांड्यातल्या पाण्यातूनही जातो, आणि त्या गोष्टी बदलून देण्याची व्यवस्था फार थोड्या केंद्रांकडे आहे.