जुना लिनियर घेतलाय? ट्यूबवर संशय सगळ्यात शेवटी घ्या

हीथकिटचा एसबी-२०० म्हणजे १९६०च्या दशकात अमेरिकेत किट म्हणून विकला गेलेला हॅम रेडिओचा (हौशी रेडिओ संचाचा) लिनियर अॅम्प्लिफायर, म्हणजे रेडिओचा सिग्नल जोरदार करणारं मशीन, आत दोन ५७२बी ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्या), आणि सेकंडहँडमध्ये तो अजूनही मिळतो. बंद पडलेला हाती आला की बरेच जण आधी नव्या ट्यूबांचा भाव बघत बसतात, पण दुखणं बहुतेक वेळा पॉवर सप्लायमध्येच निघतं.

आत जवळपास २४०० व्होल्ट डीसी असतात. एवढा व्होल्टेज झेपणारा एकच इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मिळत नाही म्हणून ४५० व्होल्टचे सहा एकामागे एक सीरिजमध्ये जोडलेत, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ४०० व्होल्ट, म्हणजे फक्त ५० व्होल्टची सवड. ही वाटणी समान राहावी म्हणून प्रत्येकावर एक ३० किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि मशीन बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामे करायचं कामही तोच करतो. आता हिशोब बघा, ४०० व्होल्टला त्या एका रेझिस्टरमध्ये पाच वॉटपेक्षा जास्त उष्णता होते, सहा मिळून बत्तीस वॉट, आणि हे सगळं कॅपॅसिटरला अगदी खेटून, वर्षानुवर्षं. त्यामुळे कॅपॅसिटर आतून सुकतात, रेझिस्टरचा ओहमचा आकडा सरकतो किंवा रेझिस्टर सरळ ओपन होतो, म्हणजे आतून तुटतो. एक जरी ओपन झाला तरी त्याच्या कॅपॅसिटरवर ४५०च्या वर ताण जातो, आणि स्विच बंद केल्यावर बाकीचे पाच काही सेकंदांत उतरले तरी हा एकटा चार्ज धरून बसतो. म्हणून मशीनच्या दर्शनी बाजूच्या मीटरची सुई खाली आली तरी हात घालायचा नाही!! प्लग काढा, थांबा, मग इन्सुलेटेड काठीने प्रत्येक कॅपॅसिटर वेगळा डिस्चार्ज करा आणि मल्टीमीटर लावून खात्री करा. त्यानंतरच सहाही रेझिस्टर मोजा. माझं मत विचाराल तर मोजत बसण्यापेक्षा सहाही कॅपॅसिटर नवे टाका आणि रेझिस्टर १०० किलोओहमचे, ३ वॉटचे लावा, उष्णता प्रत्येकी दीड वॉटच्या आसपास येते.

हाय व्होल्टेज गायब असताना रिगमधून (रेडिओ संचातून) ड्राइव्ह, म्हणजे ट्यूबला पुरवायचा सिग्नल, देऊ नका. ट्यूबमधली प्लेट एरवी इलेक्ट्रॉन ओढते आणि मधली जाळी, म्हणजे ग्रिड, त्यांना आवरते; प्लेटवर व्होल्टेज नसला की इलेक्ट्रॉन ओढणारी ग्रिडच उरते, ग्रिड करंट एकदम वर चढतो आणि चांगली ट्यूब हकनाक जाते.

नवीन रिगवाल्यांसाठी अजून एक, रिगने अॅम्प्लिफायरला ट्रान्समिटवर टाकायची जी तार असते त्या रिले लाइनवर या मशीनमध्ये उणे १२० व्होल्टच्या आसपास असतात, आजच्या रिगमधला छोटा ट्रान्झिस्टर ते सोसत नाही, मध्ये कीइंग इंटरफेस, म्हणजे तो व्होल्टेज रिगपासून दूर ठेवणारं छोटं सर्किट, हवाच.

आता ट्यूब. काचेच्या आतल्या बाजूला निळी झाक दिसली तर घाबरू नका, ते चालतं, पण ग्रिड आणि प्लेटच्या मधल्या जागेत जांभळट धुकं दिसलं तर आत हवा शिरलीय. हाय व्होल्टेज नीट आहे, ड्राइव्ह पोचतोय, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) ट्यूनिंगही बरोबर केलंय आणि तरी प्लेट करंट चढतच नाही, तेव्हा मात्र खुशाल नवीन जोडी मागवा.