मोजता येणारे व्यावसायिक उद्दिष्ट

एखाद्या दुकानाने, कारखान्याने किंवा घरगुती उद्योगाने ठरावीक मुदतीत गाठायचा म्हणून आधीच लिहून ठेवलेला आकडा, आणि त्याच्या किती जवळ आलो हे मधूनमधून पडताळण्याची रीत. बोलीत याला सरसकट ‘टार्गेट’ म्हणतात. ‘यंदा धंदा वाढवायचा’ ही इच्छा झाली. ‘दिवाळीपर्यंत २०० किलो फराळ’ हे उद्दिष्ट झाले, कारण दिवाळी उलटल्यावर त्याचे उत्तर ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ एवढेच उरते.

मोजणे मराठी माणसाला नवे नाही. मराठेशाहीच्या दफ्तरांत पुढच्या जमाखर्चाच्या अंदाजाला अजमास किंवा बेहडा म्हणत आणि झालेल्या हिशेबाच्या गोषवाऱ्याला ताळेबंद. इंदुरात सियागंजातली किराण्याची पेढी असो की महाराजा तुकोजीराव कापड मार्केटातले दुकान, रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही) आणि उधारीची वही तिथे असतेच. आता ती कागदाऐवजी ‘टॅली’ या हिशेबाच्या संगणकप्रणालीत असेल इतकेच. पण या सगळ्या वह्या घडून गेलेले सांगतात. अजमास बहुतेकदा मालकाच्या डोक्यात राहतो, आणि डोक्यातला आकडा सोयीप्रमाणे वाकतो. विक्री घसरली की ‘यंदा बाजारच मंदा होता’, वाढली की ‘मी म्हणतच होतो’. मोजता येणाऱ्या उद्दिष्टाचे सारे वजन या एकाच गोष्टीत आहे: आकडा आधी लिहिलेला असतो.

आधुनिक व्यवस्थापनशास्त्रात ही कल्पना पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये ठळकपणे मांडली. वरिष्ठ आणि हाताखालचा माणूस यांनी मिळून उद्दिष्ट ठरवावे आणि कामाचे मोल त्यावरून करावे, असे त्यांचे म्हणणे. नोव्हेंबर १९८१ मध्ये जॉर्ज डोरन यांनी ‘स्मार्ट’ (SMART) ही पाच इंग्रजी अक्षरांची कसोटी सुचवली. तीत उद्दिष्ट नेमके, मोजण्याजोगे, कुणावर तरी सोपवलेले, झेपणारे आणि मुदतीचे असावे असे होते. पुढे प्रशिक्षणवर्गांमधून फिरता फिरता ‘सोपवलेले’ जाऊन तिथे ‘साध्य’ आले. हा बदल मला तोट्याचा वाटतो, कारण ज्या आकड्याला धनी नाही तो कुणीच पाहत नाही. इंटेल कंपनीत अँडी ग्रोव्ह यांनी रुजवलेली आणि १९९९ मध्ये गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी गूगलला नेऊन दिलेली ‘ओकेआर’ (ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स) पद्धत याच कुळातली. तीत एक मोठे उद्दिष्ट शब्दांत मांडतात आणि त्याखाली दोनचार मोजता येणारे परिणाम लिहितात.

उद्दिष्ट घडते कसे, हे छोट्या धंद्यात लवकर दिसते. समजा, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका घरातून दिवाळीत भाजणीची चकली विकली जाते. गेल्या वर्षी ८० घरांनी सरासरी २ किलो घेतली, म्हणजे १६० किलो. यंदा काकूंनी वहीच्या पहिल्या पानावर २०० लिहिले. इथपर्यंत हा नुसता आकडा आहे. तो दोन वाटांनी गाठता येतो: २० नवी घरे जोडायची, किंवा जुन्या ८० घरांनी प्रत्येकी अर्धा किलो जास्त घ्यायची. पहिल्या वाटेला रामबागेतल्या ओळखीपाळखीत नमुन्याच्या पुड्या वाटाव्या लागतात. दुसऱ्या वाटेला अर्ध्या किलोचे वेगळे पाकीट काढून ‘माहेरी न्यायला’ म्हणून समोर ठेवावे लागते. उद्दिष्ट तेच, काम मात्र सर्वस्वी वेगळे; म्हणून कोणती वाट धरली तेही आकड्याशेजारी लिहायचे असते.

मग क्षमता. एक सोऱ्या, एक मोठी कढई आणि दोन माणसे यांच्याकडून दिवसाला ८ किलोच्या वर चकली निघत नाही असे धरू. आठवड्याचे ६ दिवस, ४ आठवडे, म्हणजे २४ दिवसांत १९२ किलो. २०० लिहिले त्या क्षणीच ८ किलो कमी पडणार हे ठरलेले होते, आणि ते कळायला दिवाळीची वाट पाहण्याची गरज नव्हती. एक दिवस आधी सुरुवात केली तर २०० बरोबर बसतात, पण मग सिलिंडर संपला किंवा भाजणी बिघडली तर सावरायला एकही दिवस नाही. दोन दिवस आधी बसणे शहाणपणाचे. अशी वजाबाकी न करता लिहिलेल्या टार्गेटचा शेवट बहुधा शेवटच्या आठवड्यातल्या जागरणात आणि कडक चकलीत होतो.

तुलना कशाशी करायची, हा प्रश्न आपल्याकडे पंचांगामुळे आणखी अवघड होतो. करासाठीचे वर्ष एप्रिल ते मार्च, पण पेढीवरचे वहीपूजन लक्ष्मीपूजनाला. त्यात दिवाळी इंग्रजी तारखांत पुढेमागे सरकते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला पडले; २०२५ मध्ये ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होते. या दोन वर्षांचे ऑक्टोबर शेजारी ठेवून ‘विक्री केवढी वाढली’ म्हणणारा कापडवाला स्वतःलाच फसवतो. सणावर चालणाऱ्या धंद्यात तुलना तिथीने करावी: दिवाळीआधीचे ४ आठवडे यंदाचे आणि तेच ४ आठवडे गेल्या वर्षीचे.

कोणता आकडा निवडावा, यात सर्वांत जास्त चुका होतात. विक्रीचा आकडा दिसायला मोठा आणि सांगायला गोड असतो. पण तेल महागले की जास्त विकूनही हातात कमी उरते, म्हणून किलोमागे काय सुटले हे वेगळे धरावे लागते. घाऊक व्यापारात वसुलीचे दिवस हा त्याहून बोलका आकडा: माल दिल्यापासून पैसे येईपर्यंत सरासरी किती दिवस गेले. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, करार काहीही असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन घातले आहे. त्यामुळे इंदूरजवळच्या पिथमपूर या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराला इथे उद्दिष्टाची वरची रेघ आयतीच मिळते. केवळ पैशाचे आकडे पाहणे अपुरे आहे, हे रॉबर्ट कॅप्लान आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडले. पैशाबरोबर ग्राहक, आतले कामकाज आणि शिकण्याची गती यांचीही मापे ठेवावीत, असा त्यांचा आग्रह होता. चकलीच्या वहीत याचा अर्थ एवढाच की किती घरांनी दुसऱ्यांदा मागवली तेही लिहायचे.

धंद्याबाहेरचे, पण इंदूरकरांच्या रोजच्या अनुभवातले उदाहरण स्वच्छतेचे आहे. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे शहरांच्या स्वच्छतेच्या क्रमवारीत, २०१६ मध्ये ७३ शहरांत इंदूर २५ वे होते. २०१७ मध्ये ४३४ शहरांत पहिले आले आणि नंतरही वर्षानुवर्षे पहिलेच राहिले. ‘पहिला क्रमांक’ हे मोठे उद्दिष्ट झाले. रोजचे माप मात्र साधे होते: किती घरांतून कचरागाडीने कचरा नेला, त्यातला किती ओला-सुका वेगळा होता. गाडीचे गाणे वाजले की बादली घेऊन खाली धावणाऱ्या माणसाच्या हातात ते उद्दिष्ट पोहोचले होते. पुष्कळ कंपन्यांत ते साहेबांच्या खोलीतल्या फळ्यावरून खाली उतरतच नाही.

मापाला स्वतःचे दुखणेही आहे. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये ब्रिटनच्या चलनधोरणाबद्दल जे निरीक्षण केले, त्याचा रोजच्या भाषेतला मथितार्थ असा की मापालाच उद्दिष्ट केले की माप बिघडते. मार्चअखेरीस हे कुणालाही पाहता येते. ठेवीची पावती करायला गेलेल्या माणसासमोर विम्याचा फॉर्म सरकवला जातो. महिन्याचा माल ३१ तारखेला गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला जातो आणि एप्रिलमध्ये गुपचूप परत येतो. कागदावर टार्गेट पूर्ण असते. यावर उपाय म्हणून एका आकड्याला त्याचा विरोधक जोडतात: विक्रीबरोबर परत आलेला माल, वेगाबरोबर तक्रारी.

पडताळणी आठवड्याला एकदा, ठरल्या वारी, पाच मिनिटांत झाली तरी पुरते. पहिल्या आठवड्यात ४८ ऐवजी ३८ किलो निघाली, तर १० कुठे अडली हे त्याच शनिवारी विचारता येते. चौथ्या आठवड्यात विचारून उपयोग नसतो. मधेच उद्दिष्ट बदलावे लागले, घरात आजारपण आले किंवा मोठी ऑर्डर हातची गेली, तर जुना आकडा खोडरबराने पुसायचा नाही. रोकडवहीत चूक दुरुस्त करतात तशी त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा २०० वाचता येईल अशी, आणि शेजारी १७० लिहून तारीख व सही करायची.