जड धातूंचे अधिशोषण

सांडपाण्यात विरघळलेले विषारी धातू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरून ठेवून पाण्यातून वेगळे करण्याची पद्धत. धातू धरणाऱ्या पदार्थाला अधिशोषक म्हणतात. सारे काम पृष्ठभागावर होत असल्याने तो जितका मोठा तितका चांगला; एक ग्रॅम सक्रियित कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांतील पृष्ठफळ साधारणपणे ५०० ते १,५०० चौ. मी. भरते.

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल आणि आर्सेनिक (हे खरे तर उपधातू) प्लेटिंगचे कारखाने, चामड्याचे उद्योग, बॅटरीनिर्मिती व खाणी यांच्या सांडपाण्यातून बाहेर पडतात. सेंद्रिय प्रदूषके जिवाणू कुजवू शकतात, मूलद्रव्य मात्र नष्ट होत नाही. ते माशांत, धान्यात आणि शेवटी माणसाच्या शरीरात साठत जाते. जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेली पाऱ्याची विषबाधा हे त्याचे सर्वांत दारुण उदाहरण आहे.

धातूंचे प्रमाण जास्त असेल तर पाण्यात चुना घालून त्यांचा साका खाली बसवणे स्वस्त पडते. पण त्यानंतरही थोडा धातू पाण्यात उरतोच आणि घातक ठरायला तेवढा पुरतो. पिण्याच्या पाण्यात शिसे व आर्सेनिक यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला केवळ ०.०१ मिग्रॅ. आहे. हा शेवटचा अंश काढणे हेच अधिशोषणाचे खरे क्षेत्र.

धातू नेमका कशाने धरला जातो, हे धातू आणि अधिशोषक या दोन्हींच्या रसायनावर अवलंबून असते. झिओलाइट या सच्छिद्र खनिजातील सोडियमची जागा शिशाचे आयन घेतात, म्हणजे तेथे आयनविनिमय होतो. समुद्रशैवालातील कार्बॉक्सिल गट आणि खेकडा-कोळंबीच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानमधील अमिनो गट धातूशी बंध जोडतात. पाऱ्याला गंधकाची ओढ असल्याने गंधकयुक्त कोळसा त्याच्यासाठी विशेष उपयोगी पडतो. भाताचे तूस, लाकडाचा भुसा, नारळाची करवंटी अशा टाकाऊ मालापासूनही अधिशोषक बनवतात.

पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) हा यातील सर्वांत निर्णायक घटक. शिसे, कॅडमियम यांचे धनायन (धनभारित आयन) फार आम्लधर्मी पाण्यात नीट चिकटत नाहीत, कारण हायड्रोजन आयन आधीच जागा अडवतात. षट्संयुजी (संयुजा सहा असलेल्या) क्रोमियमचे उलट असते. ते पाण्यात क्रोमेटसारख्या ऋणायनांच्या रूपात असल्याने २ ते ३ सामूला, पृष्ठभाग धनभारित असताना, चांगले धरले जाते. येथे एक फसगत होऊ शकते. आम्लात कोळसा त्याच पिवळ्या क्रोमेटचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करतो आणि ते धनायन म्हणून पुन्हा पाण्यात उतरते. केवळ षट्संयुजी क्रोमियम मोजले तर पाणी शुद्ध दिसते. म्हणून एकूण क्रोमियम मोजलेच पाहिजे. आर्सेनिकसाठी लोहाचे ऑक्साइड व हायड्रॉक्साइड उत्तम, पण त्रिसंयुजी आर्सेनिक नेहमीच्या सामूला विद्युतभाररहित असल्याने बहुधा त्याचे आधी ऑक्सिडीकरण करून घेतात.

अधिशोषकाची क्षमता मांडण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांचे १९१८ चे समीकरण सर्रास वापरतात; पाण्यात किती धातू शिल्लक असताना अधिशोषक किती धरेल, हे ते सांगते. त्यातून मिळणारी कमाल क्षमता शोधनिबंधांत ठळकपणे मिरवली जाते. तिच्यावर एवढा भर देणे योग्य नाही. समजा, कमाल क्षमता ग्रॅमला १०० मिग्रॅ. आणि लँगम्यूर स्थिरांक (धातूच्या ओढीचे माप) ०.५ लिटर प्रति मिग्रॅ. आहे. पाण्यात लिटरला १० मिग्रॅ. शिसे शिल्लक असताना एक ग्रॅम अधिशोषक सुमारे ८३ मिग्रॅ. धरेल. पण ०.०१ मिग्रॅ. इतकेच शिल्लक ठेवायचे असेल तर जेमतेम ०.५ मिग्रॅ. त्यामुळे लिटरला १० मिग्रॅ. शिसे असलेले हजार लिटर पाणी टाकीत एकदाच ढवळून या पातळीला आणायला जवळपास २० किग्रॅ. माल लागेल.

म्हणूनच प्रत्यक्षात अधिशोषक स्तंभात भरून त्यातून पाणी सोडतात. वरून पाणी सोडले तर वरचा थर धातूने भरलेल्या ताज्या पाण्याच्या सतत संपर्कात राहून जवळजवळ पूर्ण क्षमतेने भरतो, तर खालचा कोरा थर उरलासुरला अंश टिपतो. भरलेला पट्टा हळूहळू खाली सरकतो. तो तळाशी पोहोचला की बाहेरच्या पाण्यात धातू दिसू लागतो. ते वेळीच सावरावे म्हणून दोन स्तंभ एकापाठोपाठ जोडतात. खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सेंद्रिय पदार्थही जागेसाठी स्पर्धा करतात. ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू घालून केलेल्या चाचणीत हे कळत नाही.

भरलेला अधिशोषक पुष्कळदा सौम्य आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येतो. धुवणीत धातू संहत झालेला असतो. निकेल, तांबे विद्युत अपघटनाने परत मिळवता येतात. दर फेरीत क्षमता मात्र थोडी घटते. शेवटी उरलेला माल घातक कचरा ठरू शकतो. आर्सेनिक धरलेले लोह हायड्रॉक्साइड प्राणवायूविरहित कचराभूमीत पडले तर जिवाणू लोहाचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करतात आणि आर्सेनिक पुन्हा मोकळे होऊन झिरपू लागते. त्यामुळे असा माल सिमेंटमध्ये बांधून किंवा अस्तर घातलेल्या सुरक्षित खड्ड्यात पुरून त्याचा झिरपा तपासत राहावा लागतो.