अण्वस्त्रांविरुद्ध मोजपट्टी

हिरोशिमा दिनाच्या सुमारास आपल्या शहराचा नकाशा भिंतीवर टांगून त्यावर अणुबॉम्बची वर्तुळं काढायची, हा अण्वस्त्रविरोधी गटांचा जुना आणि चांगला कार्यक्रम आहे. इंदुरात नकाशाचं केंद्र बहुतेक वेळा राजवाडाच ठरतो. चूक होते ती वर्तुळात. १५ किलोटनच्या (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी शक्ती), म्हणजे हिरोशिमाएवढ्या बॉम्बने घरं पाडणारा दाब सुमारे १.७ किलोमीटरपर्यंत जातो, हे कुठेतरी वाचलेलं असतं. मग १०० किलोटनसाठी तोच आकडा त्याच पटीत वाढवून अकरा किलोमीटरहून मोठं वर्तुळ काढलं जातं आणि अख्खं इंदूर लाल होऊन जातं. खरा आकडा ३.२ किलोमीटरच्या आसपास आहे. अणुऊर्जा विभागाचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र ज्या शहरात आहे, तिथे हा फरक ओळखणारा माणूस प्रदर्शनाला येणारच. त्याने तो एकदा दाखवला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. खरे आकडे पुरेसे भयंकर आहेत, त्यांना फुगवायची गरजच नाही.

स्फोटाची ऊर्जा चहूबाजूंनी, म्हणजे घनफळात पसरते. म्हणून विशिष्ट दाबाचं अंतर स्फोटशक्तीच्या घनमुळाप्रमाणे वाढतं. शक्ती आठपट झाली तर अंतर दुप्पट, हजारपट झाली तर दहापट. १०० भागिले १५ म्हणजे ६.६७, त्याचं घनमूळ १.८८, गुणिले १.७ म्हणजे ३.२ किलोमीटर. क्षेत्रफळ मात्र ९ चौरस किलोमीटरवरून ३२ वर जातं. बोर्डावर हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

हे वर्तुळ ‘५ पीएसआय’ (दर चौरस इंचावर ५ पौंड) जादा दाबाचं. सामान्य माणसाला पीएसआय कळत नाही, म्हणून असं लिहावं: दर चौरस मीटरवर साडेतीन टन जादा भार. एक मीटर रुंद, दोन मीटर उंच दारावर सात टन. १९५५ साली नेवाडाच्या वाळवंटात चाचणीसाठी मुद्दाम बांधलेलं विटांचं दुमजली घर या दाबाला टिकलं नाही. जुन्या इंदुरातली बहुतेक घरं विटांच्या भिंतींवरच उभी आहेत. आरसीसीचा सांगाडा कदाचित उभा राहील, पण मधल्या भिंती आणि खिडक्या आत येतील.

उष्णतेचा हिशेब वेगळा. तिची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून तिचं वर्तुळ घनमुळापेक्षा वेगाने, साधारण वर्गमुळाच्या जवळपासच्या दराने वाढतं. उघड्या त्वचेला खोलवर भाजणारं अंतर १५ किलोटनला सुमारे १.९ किलोमीटर, १०० किलोटनला सव्वाचार ते साडेचार. लहान बॉम्बमध्ये दाब आणि आग जवळजवळ बरोबरीने जातात, मोठ्यात आग पुढे निघते. हे आकडे स्वच्छ हवेचे आहेत. पावसाळी ढग आणि धूर असेल तर कमी होतील, आणि तेही बोर्डावर लिहावं. स्फोटाच्या क्षणीचा किरणोत्सर्ग याच्या उलट वागतो. न्यूट्रॉन आणि गॅमा किरण हवेत शोषले जातात, त्यामुळे १५ किलोटनला १.२ किलोमीटरच्या आसपास असणारं प्राणघातक अंतर १०० किलोटनला काहीशे मीटरच पुढे सरकतं. लोकांच्या मनात सगळ्यात मोठी भीती किरणोत्सर्गाची असते. प्रत्यक्षात पहिल्या काही तासांत बहुतेक माणसं दाबाने आणि आगीने मरतात.

हिशेब ताडून पाहायला दुर्दैवाने खरं उदाहरण आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८:१५ वाजता हिरोशिमावर सुमारे ६०० मीटर उंचीवर स्फोट झाला. ६४ किलो युरेनियमपैकी एक किलोहून कमी भागाचं विखंडन झालं. संपूर्ण विध्वंसाची त्रिज्या सुमारे १.६ किलोमीटर होती आणि जवळपास ११ चौरस किलोमीटर शहर जळालं. वर्षअखेरीपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली.

आता बोर्ड. प्रमाण १:१०,००० ठेवावं, म्हणजे एक किलोमीटरला १० सेंटीमीटर. हिशेब तोंडी होतो. ८ बाय ४ फुटांची प्लाय मधोमध कापली की १२२ सेंटीमीटरचा चौरस मिळतो, त्यावर बारा किलोमीटरचं इंदूर बसतं. प्लाय १२ मिलिमीटरची घ्यावी. ६ ची ऑगस्टच्या दमटपणात वाकते. नकाशा फ्लेक्सवर छापू नये, कारण ताणून ठोकताना तो एका दिशेला लांबतो आणि वर्तुळ खोटं ठरतं. जाड कागदावर छापून चिकटवावा. छपाईवाला सवयीने ‘पानावर बसवा’ हा पर्याय निवडतो आणि नकाशा काही टक्क्यांनी आकसतो, म्हणून छापून आल्यावर मोजपट्टी लावून एक ज्ञात अंतर तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणखी एक छुपी चूक आहे. ऑनलाइन नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात, त्यांचं प्रमाण अक्षांशाप्रमाणे बदलतं. इंदूरच्या २२.७ अंशांवर विषुववृत्ताचं प्रमाण धरलं तर अंतरं ८ टक्के चुकतात.

वर्तुळं नकाशावर काढूच नयेत. पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर काढावीत: १५ किलोटनसाठी किरणोत्सर्ग, दाब आणि भाजणं यांची अनुक्रमे १२, १७ आणि १९ सेंटीमीटर त्रिज्येची, आणि काचा फुटण्याच्या हद्दीचं, ४५ सेंटीमीटरचं. शंभर किलोटनसाठी वेगळ्या शीटवर दाबाचं ३२ आणि भाजण्याचं ४३ सेंटीमीटर. फक्त रेषा, आत रंग नको, कारण माणूस आधी आपली गल्ली शोधतो आणि रंगाखाली गल्ल्यांची नावं झाकली जातात. शीट सुटी असल्याने ज्याला हवी त्याने ती सुदामानगरात किंवा नंदानगरात सरकवून पाहावी. शीट राजवाड्यावर ठेवली तर सराफा, गांधी हॉल आणि रेल्वे स्टेशन १.७ किलोमीटरच्या आत येतात. एम. वाय. हॉस्पिटल दोन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे १५ किलोटनच्या दाबाच्या वर्तुळाच्या जरा बाहेर आणि १०० किलोटनच्या वर्तुळाच्या आत. पलासिया आणि अन्नपूर्णा साधारण तीन किलोमीटरवर. काचांच्या वर्तुळाशेजारी एक वेळ लिहावी: साडेचार किलोमीटरवर झोत दिसल्यानंतर दाबाची लाट पोहोचायला दहा-बारा सेकंद लागतात. तेवढ्यात माणसं काय झालं ते बघायला खिडकीशी जातात. २०१३ साली रशियातल्या चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, तेव्हा हजाराहून जास्त लोक जखमी झाले ते मुख्यतः असेच, काचांनी.

मथळे मराठी आणि हिंदी दोन्हींत हवेत. मराठी मंडळी वाचतीलच, पण इंदुरात फक्त मराठीत लावलेला बोर्ड निम्म्याहून जास्त लोकांपुढे मुका राहतो.

मोजमापाने सरकारांना हलवता येतं याचं सगळ्यात ठोस उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईसचं आहे. १९५०च्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत संघ उघड्या हवेत चाचण्या करत होते. त्यातून निघालेलं स्ट्रॉन्शियम-९० पावसाबरोबर गवतावर उतरायचं, गाईच्या दुधात जायचं आणि दुधातून मुलांच्या हाडांत. आवर्तसारणीत स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या बरोबर खाली आहे, त्यामुळे शरीर ते हाडा-दातांतच साठवतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे २९ वर्षांचा. धोका नगण्य आहे असं सरकार सांगत होतं आणि खोडून काढायला कोणाकडे मोजमाप नव्हतं. हाड तपासायचं तर ते मेलेल्या मुलाचंच मिळणार. दुधाचा दात मात्र आपोआप पडतो. शिवाय हाड सतत नव्याने घडत असतं. दुधाच्या दाताचं खनिज गर्भात आणि सुरुवातीच्या महिन्यांत बसलं की त्या काळाची नोंद दातात राहते.

१९५८च्या डिसेंबरात तिथल्या नागरिक आणि शास्त्रज्ञांच्या समितीने दात मागायला सुरुवात केली. डॉ. लुईझ रीस यांनी सुरुवातीची वर्षं हे काम चालवलं, जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर समितीच्या प्रमुख मंडळींत होते. दाताबरोबर आईने एक कार्ड भरायचं: मुलाची जन्मतारीख, गरोदरपणी आणि बाळाच्या पहिल्या वर्षी आई कुठे राहत होती, बाळ अंगावर पीत होतं की बाटलीने. दात देणाऱ्या मुलाला बिल्ला मिळायचा. दातापेक्षा कार्ड मोलाचं होतं. कार्डाविना आलेला दात कुठल्या वर्षाचा, कुठल्या पाण्या-दुधाचा हेच कळत नाही, मग तो असून नसून सारखा. एका दातातलं स्ट्रॉन्शियम मोजायला फार कमी पडतं, म्हणून जन्मवर्ष आणि दाताचा प्रकार जुळणारे दात एकत्र करून तपासावे लागत. समोरचे दुधाचे दात सहा-सात वर्षांनी पडतात, म्हणजे आजचा दात सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. त्यामुळे हे काम एका मोहिमेत संपणारं नव्हतं. ते १९७० पर्यंत चाललं आणि सुमारे ३,२०,००० दात जमले.

१९६१च्या नोव्हेंबरात पहिले निष्कर्ष छापून आले: १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात जन्मवर्षागणिक स्ट्रॉन्शियम चढत गेलं होतं. पुढे दिसलं की १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते १९५० मधल्या मुलांच्या सुमारे ५० पट होतं. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्या बंद करण्याच्या करारावर सह्या झाल्या. करार एकट्या दातांमुळे झाला असं म्हणणं बरोबर नाही. आदल्या वर्षीचं, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उभं राहिलेलं संकट होतं, रस्त्यावर उतरलेल्या हजारो स्त्रिया होत्या. शिवाय जमिनीखालच्या चाचण्या पुढेही चालूच राहिल्या. पण ‘नगण्य’ हा शब्द त्यानंतर कोणाला सहज वापरता आला नाही.

जपानमध्ये त्याआधीच मोजमापाने लोकांना असं हलवलं होतं. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेने फोडलेला हायड्रोजन बॉम्ब सहा मेगाटनचा अपेक्षित होता, निघाला पंधराचा. बॉम्बमधला लिथियम-७ हा समस्थानिक निष्क्रिय राहील हा अंदाज चुकला. राख एका जपानी मासेमारी बोटीच्या २३ खलाशांवर पडली. बंदरात ट्यूना मासे गायगर काउंटरखाली तपासून फेकले जाऊ लागले, मासळीवाल्यांचा धंदा बसला. टोकियोच्या सुगिनामी भागात मासळीवाले आणि गृहिणींनी सुरू केलेल्या सह्यांच्या मोहिमेने पुढच्या वर्षीपर्यंत देशात तीन कोटींचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली आणि पुढे डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्याकडून अणुस्फोटांच्या परिणामांचा शास्त्रीय अहवाल करून घेतला. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत अण्वस्त्रमुक्तीचा आराखडा मांडला. अण्वस्त्रं नकोत असं म्हणणं देशविरोधी आहे, असं प्रदर्शनात कोणी म्हटलं तर हे दोन दाखले शांतपणे पुढे ठेवावेत.

दुसरा हमखास प्रश्न: बॉम्ब आहे म्हणूनच शेजारी घाबरून असतो ना? या युक्तिवादात प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक माणूस प्रत्येक वेळी बरोबर वागेल असं गृहीत आहे. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकी क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा दिला. तो ढगांवरच्या उन्हाचा खेळ होता, आणि ड्युटीवरच्या पेत्रोव नावाच्या अधिकाऱ्याने तो खोटा मानला म्हणून निभावलं. ९ मार्च २०२२ रोजी आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटक नव्हतं.

धुराबद्दल बोलताना सावध राहावं. भारत आणि पाकिस्तान यांच्यात हिरोशिमाएवढे १०० बॉम्ब वापरले गेले तर पन्नास लाख टन काजळी वरच्या वातावरणात जाऊन जगाचं सरासरी तापमान सव्वा अंशाने उतरेल, असा हिशेब २००७ मध्ये छापून आला. मान्सून कमजोर पडला तर माळव्याचं सोयाबीन आधी जाईल. पण किती काजळी खरोखर तितक्या उंचीवर पोहोचेल यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या गटाने ती बरीच कमी काढली. दोन्ही बाजू लिहिल्या तर बोर्ड कमजोर होत नाही.

प्रदर्शनानंतरचं काम नगर निगमात, म्हणजे महापालिकेत आहे. अण्वस्त्रबंदीचा करार ७ जुलै २०१७ रोजी १२२ देशांच्या मतांनी मंजूर झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. भारत त्यात नाही. पॅरिस, बर्लिन, टोरांटो अशा शहरांनी मात्र कराराच्या बाजूने भूमिका घेतली आहे, आपापली सरकारं बाहेर असतानाही. संरक्षण हा केंद्राचा विषय असल्याने निगमाचा ठराव दिल्लीला बांधील नसतो, हे पार्षदाला (नगरसेवकाला) पहिल्याच भेटीत सांगावं. नाहीतर ते दुसरं कोणीतरी सांगतं आणि विषय तिथेच बारगळतो. इंदुरात ८५ वॉर्ड आहेत. वेगवेगळ्या पक्षांच्या किमान दोन पार्षदांना एकत्र भेटावं, एकाच पक्षाकडे गेलं की दुसरा विरोधात जातो. मसुदा हिंदीत, एका पानाचा. सोबत त्या पार्षदाच्या वॉर्डापुरता कापलेला नकाशा द्यावा.

‘निगमाचा याच्याशी काय संबंध?’ या प्रश्नाला उत्तर अग्निशमन, पाणी आणि दवाखाने हे आहे. हिरोशिमात नव्वद टक्क्यांहून जास्त डॉक्टर आणि परिचारिका मेले किंवा जखमी झाले होते. १९८० मध्ये अमेरिकी आणि सोव्हिएत डॉक्टरांनी मिळून जी संघटना काढली आणि जिला १९८५ चं शांतता नोबेल मिळालं, तिचा मुद्दा हाच होता की अणुहल्ल्यानंतर वैद्यकीय मदत उरतच नाही. इंदूरपुरता हा मुद्दा आकड्यात मांडायचा तर आकडे आपणच जमवावे लागतील. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा अर्ज पुरतो. ‘अणुहल्ल्याची तयारी आहे का’ असं विचारू नये. हा कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, मत देत नाही, आणि अर्ज परत येतो. विचारावं ते असं: अमुक तारखेला सरकारी रुग्णालयांत भाजलेल्या रुग्णांसाठी राखीव खाटा किती, त्यांपैकी व्हेंटिलेटरची सोय किती खाटांना, प्रशिक्षित परिचारिका किती. अग्निशमन विभागाकडे वेगळा अर्ज: चालू स्थितीतले बंब किती, प्रत्येकाची पाण्याची क्षमता किती, कुठल्या ठाण्यावर किती उभे असतात. दोन विभागांचे प्रश्न एकाच अर्जात घातले तर तो टेबलाटेबलावर फिरत राहतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करावं. मिळालेले आकडे तारखेसकट बोर्डावर, अग्निशमन ठाण्यांच्या आणि रुग्णालयांच्या खुणांशेजारी लिहावेत, आणि दर वर्षी नवा अर्ज करून बदलावेत.