बेडरूममधली लोंबकळती वायर आणि हॉलमधली गायब चॅनल्स

"अरे, माझीच चॅनल्स कशी काय जातात रे?" आई पंधरा दिवस हेच विचारत होती. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, टीव्हीला केबल आहे, आणि झालं असं की दहा-बारा चॅनल्स एकदम चौकोन चौकोन होऊन अडकायची, बाकीची सगळी मात्र एकदम क्लिअर. केबलवाले दादा बघून गेले, म्हणाले सिग्नल वीक आहे, बूस्टर टाका. चित्र बिघडलं की सिग्नल वीक आणि सिग्नल वीक की बूस्टर, हा गैरसमज इतका घट्ट बसलाय की त्यासाठीच हे लिहायला बसलो.

आधी दहा-बारा एकदम का जातात ते बघू. डिजिटल केबलमध्ये प्रत्येक चॅनलला स्वतःची वेगळी फ्रिक्वेन्सी नसते. 8 मेगाहर्ट्झचा एक कप्पा असतो, त्यातून सेकंदाला साधारण 38 मेगाबिट माहिती जाते आणि त्यात डझनभर चॅनल्स एकत्र कोंबलेली असतात. तो एक कप्पा खराब झाला की अख्खा डझन गेला. म्हणजे आमच्याकडे सिग्नल सरसकट कमी नव्हताच, काही ठरावीक फ्रिक्वेन्सींवर खड्डे पडले होते. खड्डे कोण पाडत होतं ते सापडलं कपाटामागे. मागच्या वर्षी बेडरूममधला टीव्ही काढला, तिकडे जाणारी वायर तशीच राहिली, आणि कपाटामागे बघतो तर स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचा सिग्नल दोन वायरींत वाटणारी डबी, नाहीच, दोन्ही वायरींच्या तांब्याच्या तारा एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळलेली.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. तलावपाळीला कट्ट्यावर बसून बघा, बोट गेली की तिची लाट दगडी काठाला आपटून परत फिरते. वायरमधल्या लाटेचंही तेच होतं, जिथे तिला शोषून घेणारं कोणी नसतं तिथून ती माघारी येते. टीव्हीच्या वायरवर 75 ओहम लिहिलेलं असतं, पण मल्टिमीटर लावून बघितलंत तर 75 कुठेच दिसणार नाही. तो वायरचा साधा रेझिस्टन्स नाहीच, धावत्या लाटेतल्या व्होल्टेज आणि करंटचं ते गुणोत्तर आहे, आणि ते ठरतं मधली तार किती जाड, बाहेरची जाळी किती रुंद आणि मधल्या फोममध्ये काय आहे यावरून. टीव्हीचं किंवा बॉक्सचं सॉकेटही 75 ओहमचंच बनवतात, त्यामुळे लाटेला वायर संपल्याचं कळतच नाही, ती सगळी आत शोषली जाते. उघड्या टोकाला मात्र ती पूर्णच्या पूर्ण उलटी फिरते.

आमच्या बेडरूमच्या वायरीचं टोक उघडं होतं. समजा एखाद्या फ्रिक्वेन्सीला त्या वायरीची लांबी बरोबर पाव लाट आहे. जॉइंटपासून टोकापर्यंत पाव लाट, परत यायला पाव लाट, म्हणजे माघारी आलेली लाट अर्धी लाट उशिरा पोचते, नेमका तिकडे उंचवटा असताना इकडे खळगा, दोघं मिळून शून्य. जॉइंटवर जणू शॉर्टच झाला, आणि हॉलकडे त्या फ्रिक्वेन्सीचं जवळपास काहीच जात नाही. पाव लाटेला जे होतं तेच पाऊण लाटेला, सव्वा लाटेला, पावणेदोन लाटेला. म्हणून खड्डे ठरावीक अंतरावर पडत जातात, आणि वायरीतला वेग भागिले वायरीच्या लांबीची दुप्पट केली की ते अंतर मिळतं.

मग मी बॉक्सच्या मेनूत जाऊन खराब चॅनल्सच्या फ्रिक्वेन्सी लिहून काढल्या. आईची चॅनल्स सोडून आणखी दोन गठ्ठे अडकत होते, ते आमच्याकडे कोणी लावतच नाही म्हणून कळलं नव्हतं. अंतर साधारण 40 मेगाहर्ट्झ. फोमवाल्या वायरीत लाट प्रकाशाच्या वेगाच्या 80-85 टक्क्यांनी जाते, धरा सेकंदाला 25 कोटी मीटर. वरचंच गणित उलटं केलं: वेग भागिले अंतराची दुप्पट म्हणजे वायरीची लांबी. 40 मेगाहर्ट्झ म्हणजे 4 कोटी, त्याची दुप्पट 8 कोटी. 25 कोटी भागिले 8 कोटी, 3 मीटरच्या जरा वर. टेप लावून वायर मोजली तर 3 मीटर 10 सेंटिमीटर! इतका आनंद झाला की आईला हाक मारून कागद दाखवला.

बूस्टरने हे जाणार नव्हतं, कारण बूस्टर खड्डा बुजवत नाही, तो सगळंच उचलतो, खड्ड्यातला नॉइजसुद्धा, आणि शेजारच्या चांगल्या चॅनल्सना उगाच ओव्हरलोड करतो. दुकानात सोन्याच्या मुलाम्याचा कनेक्टर पण दाखवला. सोनं गंजत नाही एवढंच खरं, ते तांब्यापेक्षा चांगलं कंडक्टर नाही. आणि सोसायटीतले एक काका म्हणाले टीव्ही आग्नेयेला हलवा. दिशा महत्त्वाची असते ती छतावरच्या अँटेनाला, एकदा लाट वायरीत शिरली की तिला आग्नेय काय नि ईशान्य काय.

मुंबईत दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आणि नंतर ठाण्याच्या गच्च्यांवर वरळीच्या टॉवरकडे तोंड केलेले अँटेने उभे राहिले. तेव्हा पडद्यावर माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसायची, ते आठवत असेल. तीसुद्धा परत फिरलेली लाटच, फक्त वायरीच्या टोकाऐवजी एखाद्या इमारतीवरून किंवा येऊरच्या डोंगरावरून. वळसा 300 मीटरचा असेल तर लाट एक मायक्रोसेकंद उशिरा येते. तेवढ्या वेळात 20 इंची टीव्हीवर चित्राची रेघ पाऊण सेंटिमीटर पुढे गेलेली असते. सावली पट्टीने मोजली की वळसा किती ते कळायचं.

आता कपाटामागे खरा स्प्लिटर बसवलाय. त्याच्या आत छोटा फेराइट कोअर असतो, तो सिग्नल दोन वाटांत विभागतो आणि एका वाटेतून परत आलेली लाट दुसरीकडे फारशी जाऊ देत नाही. प्रत्येक वाटेला निम्म्याहून थोडा कमी सिग्नल येतो, तेवढा आमच्याकडे पुरतो. बेडरूमची वायर काढून टाकली, रिकाम्या पोर्टवर लाट शोषून घेणारी 75 ओहमची टोपी घातली. कनेक्टर बसवताना जाळीची केसासारखी एक तार मधल्या तारेला टेकली होती आणि सगळीच चॅनल्स गेली, तो कनेक्टर सोडून परत सोलून बसवला. आईची चॅनल्स त्याच संध्याकाळपासून लागतायत.