हिमपृष्ठावरील विद्युत् प्रज्योतीचा वर्णपटीय अभ्यास

बर्फाच्छादित पृष्ठभागावरून सरकणाऱ्या विद्युत् प्रज्योतीच्या (विजेच्या तप्त, प्रकाशमान झोताच्या) प्रकाशाचे तरंगलांबीनुसार पृथक्करण करून तिचे तापमान, इलेक्ट्रॉन घनता (एकक घनफळातील मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या) व घटकद्रव्ये ठरविण्याची पद्धती. थंड प्रदेशांतील उच्च विद्युत् दाबाच्या वाहिन्यांच्या निरोधकांवर (तारा खांबापासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवणाऱ्या आधारांवर) बर्फ साचून होणारा फ्लॅशओव्हर, म्हणजे निरोधकाच्या पृष्ठभागावरून प्रज्योत आरपार जाणे, समजून घेण्यासाठी ती वापरतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शिकूतिमी येथील विद्यापीठात बर्फावरील फ्लॅशओव्हरचे विशेष संशोधन झाले आहे.

शुद्ध बर्फ विजेचा मंद वाहक असल्याने प्रज्योतीला वाट मिळते ती त्यावरील पातळ पाणथरातून. पाणी गोठताना त्यातील क्षार स्फटिकांत फारसे सामावत नाहीत, पृष्ठभागाकडे लोटले जातात. त्यामुळे हा थर मूळ पाण्याहून अधिक संवाहक बनतो. वितळबिंदूच्या खालीही बर्फावर द्रवसदृश थर असतो, हे मत ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांनी 1850 च्या सुमारास मांडले. जेम्स टॉमसन यांनी मात्र बर्फाचे तुकडे एकमेकांना चिकटण्याचे कारण दाबाने वितळबिंदू खाली जाण्यात शोधले. निरोधकावरील बर्फावर तसा दाब नसल्याने येथे फॅराडे यांचे मत अधिक ग्राह्य वाटते, तथापि प्रत्यक्षात जाड पाणथर येतो तो बहुधा ऊन, उबदार हवा व गळती प्रवाहाची उष्णता यांमुळेच.

वर्णपटात हायड्रोजनच्या 656.3 व 486.1 नॅनोमीटरच्या रेषा पाण्याच्या विघटनाची, तर सोडियमची 589.0 व 589.6 नॅनोमीटरची जोडी क्षारांची साक्ष देते. सोडियमची जोडी सर्वांत ठळक असली, तरी स्वशोषणामुळे (प्रज्योतीतीलच सोडियम अणू हा प्रकाश पुन्हा शोषत असल्याने) मापनास तीच कमी भरवशाची. विद्युत् अग्र (इलेक्ट्रोड) तांब्याचे असल्यास 510.5, 515.3 व 521.8 नॅनोमीटरच्या रेषा मिळतात. पहिलीची वरची ऊर्जापातळी सुमारे 3.8, तर उरलेल्या दोहोंची सुमारे 6.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने त्यांच्या तीव्रतांच्या गुणोत्तरावरून तापमान काढता येते. मात्र ते तांब्याची वाफ जेथे पोचते त्या भागाचेच असते. हायड्रोजन रेषांच्या रुंदीवरून स्टार्क परिणामाच्या (भोवतीच्या विद्युत् क्षेत्राने वर्णरेषा रुंदावण्याच्या) आधारे इलेक्ट्रॉन घनता मिळते, आणि मेघनाद साहा यांच्या 1920 च्या आयनीभवन समीकरणाने (ठरावीक तापमानाला किती अणूंचे आयन होतात हे सांगणाऱ्या) तिचा तापमानाशी मेळ तपासता येतो.

हा मेळ स्थानिक ऊष्मागतिकीय समतोल, म्हणजे प्रत्येक ठिकाणी इलेक्ट्रॉन, अणू व आयन यांचे तापमान एकच असणे, गृहीत धरतो. प्रत्यावर्ती प्रवाहात प्रज्योत दर अर्धचक्रात क्षीण होऊन पुन्हा भडकते, त्यामुळे दीर्घ उद्‌भासनातून (बराच वेळ प्रकाश साठवून घेतलेल्या नोंदीतून) मिळणारे तापमान ही एक संमिश्र सरासरीच ठरते. शिवाय दृष्टिरेषेवरील एकत्रित प्रकाशापासून त्रिज्येनुसार तापमान काढणारे आबेल रूपांतर दंडगोलीय सममिती मागते, आणि एका अंगाने बर्फाला बिलगलेल्या प्रज्योतीत नेमकी तीच नसते. म्हणून अल्पकालीन उद्‌भासनाने, प्रवाहाच्या ठराविक क्षणी घेतलेली मापनेच अधिक विश्वसनीय मानणे योग्य.

ओबेनाउस यांच्या 1958 च्या फ्लॅशओव्हरच्या गणिती प्रतिमानात प्रज्योत व उरलेला संवाहक थर एकसरीत जोडलेले मानतात. त्यातील प्रज्योतीचे स्थिरांक एरवी विद्युत् दाब व प्रवाह मोजून बसवले जातात; वर्णपटातून त्यांची स्वतंत्र पडताळणी होऊ शकते.

प्रत्यक्ष वाहिन्यांवर पूर्ण वर्णपट क्वचितच घेतात. तेथे 240 ते 280 नॅनोमीटरच्या पट्ट्यात पाहणारे कॅमेरे प्रज्योतीपूर्वीचा किरीट विसर्ग (तारेभोवतालच्या हवेतील मंद विद्युत् विसर्ग, कोरोना) दिवसाही टिपतात, कारण या पट्ट्यातील सूर्यप्रकाश ओझोन थरात शोषला जातो.